युझर-स्पेस ड्रायव्हर हार्डवेअरला थेट हात घालतो, तेव्हा खूण कुठे करायची?

तुमचा प्रश्न मी असा समजलो आहे. लिनक्सवर चालणाऱ्या तुमच्या उपकरणात दोन ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर, साध्या प्रोसेस म्हणून चालतात. एक /डेव्ह/मेम (यंत्राचे भौतिक पत्ते थेट दाखवणारी फाइल) उघडून काही रजिस्टर मॅप करून घेतो. दुसरा एका पीसीआय कार्डाशी बोलतो आणि डीएमएही करतो, म्हणजे कार्डाला थेट मेमरीत लिहू देतो. अधूनमधून कर्नल कोसळतो, आणि क्रॅशचा अहवाल वाचून दोष कर्नलचा की या दोघांपैकी कुणाचा, हे कळत नाही. म्हणून तुम्हाला कर्नलमध्ये पॅच घालायचा आहे: जी प्रोसेस हार्डवेअरला थेट हात लावेल तिच्या नोंदीत एक फ्लॅग, आणि जमल्यास प्रत्येक वाचन-लेखनाची मोजणी. तुमच्या सहकाऱ्याचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, सरळ अख्खा कर्नल 'टेंटेड', म्हणजे डाग लागलेला, ठरवा आणि मोकळे व्हा.

मी बरीच वर्षं ड्रायव्हर लिहितो आहे, आणि त्याहून जास्त वेळ कोसळलेल्या यंत्रांचे अहवाल वाचण्यात घालवला आहे. त्यामुळे मी हा प्रश्न अहवाल वाचणाऱ्याच्या बाजूने बघतो. त्या माणसाला प्रोसेसने हार्डवेअरला हात लावला का, याचं फारसं देणंघेणं नसतं. त्याला हवं असतं ते एवढंच: त्या प्रोसेसच्या चुकीमुळे तिच्या बाहेरची मेमरी बिघडू शकत होती का? तुमच्या फ्लॅगने या प्रश्नाचं उत्तर दिलं पाहिजे. ते देत नसेल, तर कितीही बारकाईने मोजा, उपयोग होणार नाही.

आधी मोजणीचं बघू, कारण ती कल्पना सोडून दिली की बाकीचं सोपं होतं. प्रोसेसने रजिस्टरांचा पत्ता एकदा एममॅप करून, म्हणजे स्वतःच्या पत्त्यांत जोडून, घेतला की कर्नलचं काम तिथेच संपतं. पेज टेबलमध्ये नोंद झाली; त्यानंतर प्रोसेस त्या पत्त्यावर लिहिते तेव्हा ती साधी 'मूव्ह' सूचना असते. प्रोसेसर पत्ता बदलून देतो, लेखन थेट बसवर जातं, कर्नलला कळतही नाही. ते कळावं असं वाटत असेल, तर दर वेळी ते पेज 'हजर नाही' असं दाखवून फॉल्ट घडवावा लागेल, एक सूचना चालवून पुन्हा पेज लपवावं लागेल. ही युक्ती नवी नाही. कर्नलमधलं एमएमआयओट्रेस हेच करतं. पण ते कर्नलच्या स्वतःच्या आयओरीमॅप मॅपिंगसाठी आहे, आणि चालू असताना एक सोडून बाकी सगळे सीपीयू बंद करतं. ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर उलगडून बघायला ते ठीक. रोज चालणाऱ्या उपकरणात असं काही घालायचा विचारही करू नका. ज्या वेगासाठी ड्रायव्हर बाहेर काढला, तो वेगच जाईल.

एक्स८६ वरच्या आयओ पोर्टांची गोष्ट थोडी वेगळी. तिथे ६५,५३६ पोर्ट आहेत आणि प्रत्येकासाठी परवानगीचा एकेक बिट, म्हणजे ८ किलोबाइटचा नकाशा प्रोसेसर स्वतः तपासतो. परवानगी नसेल तर जनरल प्रोटेक्शन फॉल्ट येतो, म्हणून तत्त्वतः प्रत्येक पोर्ट-वाचन अडवून मोजता येतं. पण तुमच्या दोन्ही ड्रायव्हरांत पोर्टांचा संबंधच नाही, तेव्हा ते इथेच सोडतो.

मग खूण कधी करायची? कर्नलला संधी एकदाच मिळते, परवानगी देताना. दार उघडलं त्या क्षणी नोंद करा. आत गेल्यावर पावलं मोजता येणार नाहीत. लिनक्समध्ये अशी दारं बरीच आहेत आणि लोक एकदोनच लक्षात ठेवतात. /डेव्ह/मेम आणि /डेव्ह/पोर्ट सगळ्यांना माहीत असतात. आयओपर्म आणि आयओपीएल हे आयओ पोर्ट खुले करून देणारे दोन सिस्टीम कॉल आहेत, ज्यांना सीएपी_सिस_रॉआयओ ही परवानगी लागते. त्यातला आयओपीएल आता पूर्वीइतका घातक राहिलेला नाही, कर्नल ५.५ पासून तो वापरून युझर-स्पेसमधून इंटरप्ट बंद करता येत नाहीत. सिसएफएसमध्ये, म्हणजे /सिस खाली, प्रत्येक पीसीआय डिव्हाइसच्या फोल्डरात 'रिसोर्स०', 'रिसोर्स१' अशा फायली असतात. त्या एममॅप केल्या की कार्डाची रजिस्टरं समोर. हे दार सगळ्यात जास्त विसरलं जातं. शेजारची 'कॉन्फिग' फाइलही तशीच: तिच्यात लिहून कार्डाचं बस मास्टरिंग, म्हणजे स्वतःहून मेमरीत लिहिण्या-वाचण्याची मुभा, चालू करता येतं. मग युझर-स्पेस ड्रायव्हरांसाठी कर्नलनेच दिलेले दोन मार्ग: यूआयओ, जे २००७ मध्ये २.६.२३ मध्ये आलं, आणि व्हीएफआयओ, जे २०१२ मध्ये ३.६ मध्ये आलं.

तुमचा विचार खूण प्रोसेसच्या नोंदीत ठेवायचा आहे. मी तसं करणार नाही, आणि कारण अगदी व्यावहारिक आहे. एक प्रोसेस फाइल उघडते आणि तिचा डिस्क्रिप्टर युनिक्स सॉकेटवरून दुसऱ्या प्रोसेसला देते. आता हात कुणाचा? फोर्क झालं की शेअर्ड मॅपिंग मुलाकडेही जातं. फाइल बंद केली तरी मॅपिंग जिवंत राहतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, प्रोसेस मेली की तिची नोंद पुसली जाते, तिने केलेलं नुकसान मात्र राहतं. मॅपिंगवरची खूण याहून भरवशाची, आणि ती कर्नल आधीच करतो. चालू प्रोसेसची /प्रोक मधली 'स्मॅप्स' फाइल उघडा, तुमचं मॅपिंग शोधा आणि त्याच्या 'व्हीएमफ्लॅग्ज' ओळीत बघा. 'आयओ' आणि 'पीएफ' ही दोन अक्षरी चिन्हं दिसतील: पहिलं म्हणजे हा भाग आयओचा, दुसरं म्हणजे यामागे साधी मेमरी-पेजं नाहीत, नुसते भौतिक पत्ते आहेत. त्याच ओळीत 'डीडी' असेल तर हा भाग कोअर डंपमध्ये येणार नाही, हेही कळतं. पॅच न घालता 'आत्ता कुणाच्या हातात हार्डवेअर आहे' याची यादी दहा ओळींच्या स्क्रिप्टने निघते. पॅच लिहिण्याआधी ती काढाच. ज्या प्रोसेसचा कुणालाच संशय नव्हता अशी एखादी त्यात सापडते, असा माझा अनुभव आहे.

आता मुख्य गोष्ट, जिच्यामुळे मी हे एवढं लांबलचक लिहायला बसलो.

मी एका मोजमाप यंत्रावर काम करत होतो. डेटा गोळा करणारं पीसीआय कार्ड, त्याचा ड्रायव्हर युझर-स्पेसमध्ये. 'रिसोर्स०' मॅप केलेलं, बफर एमलॉकने मेमरीत धरून ठेवलेला, त्याचा भौतिक पत्ता पेजमॅपमधून वाचून कार्डाच्या रजिस्टरात लिहिलेला. महिन्यातून एकदोनदा कर्नल कोसळायचा, पण कधीच ड्रायव्हरच्या आसपास नाही. एकदा फाइल सिस्टीमच्या कोडमध्ये, एकदा नेटवर्कच्या, एकदा चक्क एका वर्कर थ्रेडमध्ये. प्रत्येक अहवालाच्या पहिल्या काही ओळींत सीपीयूचा क्रमांक, प्रोसेसचा क्रमांक, नाव, आणि पुढे लख्ख लिहिलेलं: 'नॉट टेंटेड'. त्या दोन शब्दांनी आमचे तीन आठवडे खाल्ले. कर्नल स्वच्छ आहे, बाहेरचं मॉड्यूल नाही, मालकीहक्काचा कोड नाही, म्हणजे दोष कर्नलचाच, असं धरून आम्ही फाइल सिस्टीमचे पॅच चाळत बसलो.

शेवटी उत्तर मिळालं ते बिघडलेल्या पेजातल्या मजकुरातून. तिथे जे आकडे होते ते एका सहकाऱ्याने ओळखले. ते आमच्याच कार्डाचे नमुने होते. घडत होतं ते असं: ड्रायव्हर प्रोसेस कधीतरी सेगमेंटेशन फॉल्टने मरायची, देखरेख करणारी प्रोसेस तिला लगेच पुन्हा उठवायची, सगळं सुरळीत दिसायचं. पण मधल्या क्षणात कर्नलने मेलेल्या प्रोसेसची पेजं परत घेऊन दुसऱ्या कुणाला दिलेली असायची, आणि कार्डाला हे सांगणारं कुणी नव्हतं. कार्ड जुन्याच पत्त्यावर डेटा ओतत राहायचं. एमलॉकने पेजं स्वॅप होत नाहीत, एवढीच हमी मिळते. प्रोसेस मेल्यावर ती कुणाकडे जातील, याबद्दल एमलॉक काहीच सांगत नाही. आणि प्रोसेस जिवंत असतानाही पेजं भौतिक मेमरीत एका जागेवरून दुसरीकडे हलवली जाऊ शकतात.

रजिस्टरांना हात लावणं आणि कार्डाला मेमरीत लिहायला लावणं, या दोन वेगळ्या पातळ्या आहेत, हे मी तिथे शिकलो. तुमच्या पॅचमध्ये त्या एकाच फ्लॅगखाली आल्या, तर जास्त धोक्याची गोष्ट कमी धोक्याच्या गर्दीत हरवेल. तुमचा पहिला ड्रायव्हर आणि दुसरा ड्रायव्हर यांना एका तराजूत तोलू नका.

पहिल्याबद्दल थोडक्यात: नुसती रजिस्टरं मॅप करणारा ड्रायव्हर बहुतेक वेळा स्वतःचंच यंत्र बिघडवतो. 'बहुतेक' म्हणतो, कारण वीज बंद असलेल्या ब्लॉकचं रजिस्टर वाचलं तर काही एआरएम चिपवर अख्खी बस अडकते किंवा अबॉर्ट येतो, आणि त्या ब्लॉकमध्ये डीएमए कंट्रोलर असेल तर रजिस्टरातूनच मेमरीत लिहिता येतं. हे तुमच्या चिपच्या मॅन्युअलवर अवलंबून आहे. इथून मला सांगता येणार नाही. पण /डेव्ह/मेम ही फारच मोठी चावी आहे. एका रजिस्टरासाठी सगळी इमारत उघडी ठेवण्यासारखं ते होतं. कर्नल बांधताना 'स्ट्रिक्ट डेव्हमेम' चालू असेल तर त्यातून साधी रॅम मिळत नाही, आणि 'आयओ स्ट्रिक्ट डेव्हमेम' चालू असेल तर कर्नलच्या ड्रायव्हरने राखलेला पत्तादेखील मिळत नाही. दोन्ही चालू आहेत का, ते बघा. नसतील तर या ड्रायव्हरला मी दुसऱ्याइतकाच संशयित धरेन.

दुसऱ्यासाठी खरी विभागणी आयओएमएमयू करतो. डिव्हाइसने मागितलेला पत्ता हे हार्डवेअर आधी आपल्या तक्त्यात तपासतं. नोंद नसेल तर लेखन अडवलं जातं आणि कर्नलच्या लॉगमध्ये फॉल्ट येतो. व्हीएफआयओ यावरच उभं आहे: प्रोसेसने आधी 'ही माझी मेमरी, कार्डाला एवढीच दाखवा' असं सांगायचं. प्रोसेस मेली की डिस्क्रिप्टर बंद होतो, नोंदी काढल्या जातात, कार्डाचं बस मास्टरिंग बंद होतं. माझ्या मोजमाप यंत्रात हे असतं, तर ते तीन आठवडे गेलेच नसते. यूआयओचा मार्ग तसा नाही. 'यूआयओ_पीसीआय_जेनेरिक'च्या कोडमध्येच टिप्पणी आहे, की डीएमए करणाऱ्या डिव्हाइससाठी हा ड्रायव्हर असुरक्षित आहे, पण लोक वापरतात, म्हणून निदान फाइल बंद झाल्यावर डीएमए चालू राहणार नाही एवढी काळजी घेऊ. 'रिसोर्स०' थेट मॅप करणाऱ्याला तेवढीही काळजी मिळत नाही.

इथे एक सापळा आहे. 'आमच्या बोर्डावर आयओएमएमयू आहे' म्हणजे 'कार्ड बांधलेलं आहे' असं नाही. कार्ड 'आयडेंटिटी' प्रकारात असेल, तर आयओएमएमयू सगळे पत्ते जसेच्या तसे सोडतो. /सिस/कर्नल/आयओएमएमयू_ग्रुप्स मध्ये तुमच्या कार्डाचा गट शोधा आणि त्यातली 'टाइप' फाइल वाचा. गटात दुसरी डिव्हाइसं असतील तर तीही एकमेकांपासून वेगळी धरता येत नाहीत. शिवाय एमएसआय इंटरप्ट हेसुद्धा शेवटी एक मेमरी-लेखनच असतं. त्यामुळे इंटरप्ट रीमॅपिंग नसलेल्या यंत्रावर व्हीएफआयओ आपणहून चालत नाही, 'असुरक्षित इंटरप्ट चालतील' असं स्पष्ट सांगावं लागतं. तसं सांगितलं असेल, तर ती गोष्टही अहवालात दिसायला हवी.

मग टेंट करायचं की नाही? टेंट म्हणजे डाग, आणि या शब्दामुळेच तुम्हाला तो चांगल्या ड्रायव्हरवर अन्याय वाटतो आहे. मी त्याला साक्ष म्हणतो. कर्नलमध्ये यासाठी खास खूण आहे, 'यू' अक्षराची, किंमत ६४. ती आली त्याचं कारण तुमच्या प्रश्नाच्या अगदी जवळचं आहे. रिअल-टाइम जावाच्या मानकात प्रोग्रामला भौतिक मेमरी थेट वापरता आलीच पाहिजे अशी अट होती, आणि टेड त्सो यांनी हा पॅच लिहिला तो अशासाठी, की युझर-स्पेसने काही धोकादायक केलं असेल तर ते /प्रोक/सिस/कर्नल/टेंटेड मध्ये लिहून आधीच कबूल करता यावं आणि मदत करणाऱ्याला पुढचे प्रश्न विचारता यावेत. कबुली तुमचा ड्रायव्हर स्वतः देऊ शकतो: सुरू होताना त्या फाइलमध्ये ६४ लिहायचं, बस. जुने फ्लॅग पुसले जात नाहीत, नवा त्यात मिसळला जातो, आणि यंत्र पुन्हा सुरू होईपर्यंत टिकतो. प्रोसेस मेली तरी साक्ष राहते. आम्ही त्या यंत्रात नेमकं हेच केलं, एका ओळीत.

व्हीएफआयओमध्ये आयओएमएमयूशिवाय चालण्याचा एक मार्ग आहे, तिथे कर्नल हे स्वतःच करतो. मॉड्यूलचा 'असुरक्षित' पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो, 'यू' डाग लागतो, लॉगमध्ये डिव्हाइसचं नाव येतं, आणि /डेव्ह/व्हीएफआयओ मधल्या फाइलच्या नावातच 'नोआयओएमएमयू' असतं. हा शेवटचा भाग मला फार आवडतो. नाव वेगळं असल्यामुळे कुठलाही प्रोग्राम नकळत त्या मार्गाने जाऊ शकत नाही. आयओएमएमयू असलेल्या सामान्य व्हीएफआयओला मात्र डाग लागत नाही, आणि तेच योग्य आहे. तिथे डिव्हाइसचा हात बांधलेला आहे.

म्हणून तुमच्या सहकाऱ्याशी मी अर्धाच सहमत आहे. डाग कर्नललाच लावायचा, कारण बिघडते ती कर्नलची मेमरी. पण सरसकट लावू नका. सगळ्यालाच डाग लागला की महिन्याभरात लोक ते अक्षर वाचायचंच सोडून देतात. आणि नुसतं अक्षरही पुरत नाही. 'यू' इतर कारणांनीही लागतो. कर्नल मॉड्यूलचं 'असुरक्षित' म्हणून नोंदलेलं पॅरामीटर कुणी बदललं तरी तेच अक्षर येतं. त्यामुळे डागासोबत लॉगमध्ये एक ओळ हवीच: कोणती प्रोसेस, कोणतं डिव्हाइस, कोणत्या दाराने, आणि बस मास्टरिंग चालू होतं का. 'एलएसपीसीआय' दोन 'व्ही' देऊन चालवलं की 'कंट्रोल' ओळीत 'बसमास्टर' पुढे अधिक किंवा उणे दिसतं. तेच उत्तर त्या क्षणी नोंदवून ठेवायचं.

तुमच्या जागी मी या क्रमाने जाईन. आधी पॅच बाजूला ठेवून दुसरा ड्रायव्हर व्हीएफआयओवर नेता येतो का ते बघेन. गेला तर खुणेची गरजच बरीचशी संपते. बोर्डावर आयओएमएमयू नसेल तर डाग आणि लॉगची ओळ, दोन्ही, ड्रायव्हर सुरू होतानाच. पहिल्याला /डेव्ह/मेम वरून काढून छोटा यूआयओ ड्रायव्हर देईन, म्हणजे त्याला त्याच्यापुरताच पत्ता मिळेल. मग कर्नलच्या ऑडिटचे, म्हणजे अशा घटनांची नोंद ठेवणाऱ्या सोयीचे, नियम: आयओपर्म, आयओपीएल आणि /डेव्ह/मेम उघडणं, यांवर. ३२-बिट प्रोग्राम चालत असतील तर त्यांच्यासाठी तोच नियम वेगळा लिहावा लागतो, हे विसरू नका. हे नियम गुन्हेगार पकडायला नाहीत. सहा महिन्यांनी कुणीतरी नवं साधन बसवेल आणि ते गुपचूप हार्डवेअरला हात घालेल, त्या दिवसासाठी आहेत. उपकरण ग्राहकाकडे जाणार असेल आणि त्यात थेट प्रवेश मुळीच नको असेल, तर ५.४ पासून कर्नलमध्ये लॉकडाउन आहे. ते /डेव्ह/मेम, आयओपर्म, सिसएफएसमधलं पीसीआय, हे सगळं बंद करतं. पण तुमचा पहिला ड्रायव्हरही त्यात बंद पडेल, म्हणून आत्ता लगेच नको.

'पॅनिक_ऑन_टेंट' हा बूट पॅरामीटर तुम्ही वापरायचा म्हणता. डाग लागला की यंत्र तिथेच थांबवणं चाचणीच्या बाकावर उत्तम. दाराशीच चोर सापडतो. प्रत्यक्ष वापरातल्या यंत्रावर मी तो 'यू'साठी लावणार नाही, कारण प्रामाणिकपणे कबुली देणारा ड्रायव्हरच यंत्र बंद पाडेल आणि मग पुढच्या आवृत्तीत कुणीतरी ती कबुलीची ओळच काढून टाकेल.

सगळं बसवल्यावर एक चाचणी करा. कार्ड पूर्ण वेगाने डेटा पाठवत असताना ड्रायव्हर प्रोसेसला किल -९ द्या. लगेच 'बसमास्टर' पुढचं चिन्ह बघा. अधिक असेल तर कार्ड अजून लिहितं आहे, आणि व्हीएफआयओवर जाण्याचं काम तुमच्या यादीत सगळ्यात वर आलं. मग /प्रोक/सिसआरक्यू-ट्रिगर मध्ये 'सी' लिहून कर्नल मुद्दाम पाडा आणि अहवालाची वरची ओळ वाचा. प्रोसेस मरून गेलेली असतानाही तिथे 'यू' दिसलं, आणि लॉग मागे सरकवल्यावर त्या कार्डाचं नाव सापडलं, तर तुमची खूण योग्य जागी बसली आहे. ही चाचणी बोर्डाच्या प्रत्येक नव्या आवृत्तीवर पुन्हा करा. बायोसमधल्या एका सेटिंगने आयओएमएमयू बंद होऊन आलेले बोर्ड मी स्वतः पाहिले आहेत.